देवरे नानांचे शांत आकडे

देवरे नाना निवृत्त झाले त्या दिवशी जळगावच्या आमच्या ऑफिसात शाल, श्रीफळ आणि कचोरी असा कार्यक्रम झाला. मी गेले नाही. घरी पाहुणे आहेत असं खोटंच कळवलं. दुसऱ्या दिवशी लोकांनी सगळं रंगवून सांगितलं. नाशिकहून आलेले साहेब म्हणे भाषणात म्हणाले, की अख्ख्या नोकरीत ज्यांच्या एकाही फॉर्मवर वरून शंका आली नाही असे हे एकटेच गृहस्थ. टाळ्या झाल्या, नानांनी डोळे पुसले. ऐकून माझं डोकं भणाणलं. शंका कुठून येणार? शंका यायला फॉर्ममध्ये आधी काहीतरी लिहिलेलं असावं लागतं.

आमचं काम काय, ते सांगते. सरकार अधूनमधून देशभर घरोघरी माणसं पाठवतं आणि विचारतं, गेल्या वर्षभरात घरातलं कोणी दवाखान्यात भरती झालं होतं का? गेल्या पंधरा दिवसांत कोणी आजारी पडलं का, कुठे दाखवलं, कोणाचं औषध घेतलं? गावं आणि घरं चिठ्ठ्या टाकल्यासारखी वरून निवडून येतात. आम्ही ती गाठायची, विचारायचं आणि टॅबमध्ये भरायचं. मग दिल्लीत सगळ्याची बेरीज होते आणि जाडजूड अहवाल निघतो. हजार माणसांमागे इतकी भरती झाली, इतकी नुसती दाखवून घरी गेली. आकडा, पुढे टिंब, टिंबापुढे आणखी एक आकडा. मोठमोठी माणसं तो अहवाल मांडीवर घेऊन कुठे किती खाटा लागतील ते ठरवतात. मला ते टिंब पाहिलं की हसू येतं. त्या टिंबामागे मला देवरे नाना दिसतात, कोणाच्या तरी ओट्यावर बसून बशीतून चहा पिताना.

नाना आमच्या पथकाचे प्रमुख. आम्ही चौघं कंत्राटी, ते एकटे कायम. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं. टॅब आल्यावर पेनांचं काम उरलं नाही, तरी ती रोज खिशाला असायचीच. केसांना भरपूर खोबरेल, खांद्यावर पंचा. आवाज इतका गोड की भांडायला आलेला माणूस पाणी पिऊन जायचा. ऑफिसात बोलताना शुद्ध मराठी, आणि गावाची वेस ओलांडली की अहिराणी. धुळे-जळगावातल्या निम्म्या गावांत त्यांचं कोणी ना कोणी असायचंच. कोणाचे मामा, कोणाचे साडू, आणि काही नाहीच निघालं तर "तुम्हना बापले मी वळखस" एवढं तरी.

गावात शिरल्यावर नाना घरोघर हिंडायचे नाहीत. ते सरपंचाचा ओटा गाठायचे आणि यादीतल्या घरांचे कर्ते पुरुष तिथेच बोलावून घ्यायचे. फार झालं तर एखाद्याच्या ओट्यापर्यंत जायचे. उंबऱ्याच्या आत कधी नाही. "आत बायका असतात, आपण कशाला त्यांना अवघडून टाकायचं," असं वर सभ्यपणाने सांगायचे. ही सभ्यता त्यांना किती सोयीची होती ते मला फार उशिरा कळलं.

आता त्यांचा प्रश्न ऐका. टॅबवर तो चांगला तीन ओळींचा आहे. वर्षभराची मुदत सांगायची, घरातल्या एकेकाचं नाव घ्यायचं, वारलेल्या माणसांचंही विचारायचं. नाना त्या तीन ओळींचं एवढंच करायचे, "काय आबा, बठ्ठं बेस शे ना?" म्हणजे, सगळं ठीक आहे ना?

गावासमोर, सरपंचाच्या ओट्यावर, हातात चहाची बशी असताना कोण म्हणेल की बेस नाही? आबा म्हणायचे, "बेस शे नाना." की नानांचं बोट 'नाही'वर. तास-सव्वा तासाचा फॉर्म त्यांच्या हाताखाली चहा गार व्हायच्या आत संपायचा.

यामागे शुद्ध आळस होता. पण आळसालाही त्यांनी शिस्त लावली होती. 'हो' म्हटलं की टॅब लगेच प्रश्नांची माळ उघडतो. कोणता दवाखाना, आधी कुठे दाखवलं, कशाने नेलं, किती दिवस ठेवलं, सोबत कोण होतं, घरी आल्यावर काय झालं. एखादं उत्तर दुसऱ्याशी जुळलं नाही की लाल अक्षरं येतात, आणि लाल अक्षरं तशीच पुढे गेली की नाशिकहून विचारणा. 'नाही' म्हटलं की काहीच नाही, पुढचं घर. नाना आम्हाला शिकवायचे, "ताई, आकडा शांत पाहिजे. बोलका आकडा वर गेला की खाली पत्र घेऊन येतो." नव्या पोरापोरींना हे फार आवडायचं. दोघांनी वहीत लिहून घेतलेलं मी पाहिलंय.

एकदा पारोळ्याच्या बाजूला एका घरी गेलो. घरमालकाच्या पायाला मांडीपर्यंत प्लास्टर, पाय समोरच्या खुर्चीवर आडवा. ओट्यावर चढताना नानांना तो पाय ओलांडावा लागला. ओलांडून ते बसले, पंच्याने तोंड पुसलं आणि विचारलं, "बठ्ठं बेस शे ना भाऊ?" भाऊ म्हणाला, "बेस शे." नानांचं बोट निघालं.

मी मागून म्हणाले, "नाना, प्लास्टर."

नाना माझ्याकडे वळून, अगदी समजावणीच्या सुरात म्हणाले, "ताई, माणूस स्वतःच्या तोंडाने बरा आहे म्हणतोय. आपण कोण त्याला आजारी पाडणार?" ओट्यावरचे सगळे हसले. प्लास्टरवाला भाऊसुद्धा हसला. त्याला मी मग उभ्याउभ्या विचारलं, तर तीन दिवस भरती होता, हाडात सळई टाकलेली. तोवर फॉर्म गेला होता. नाना दुपारपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. मी त्यांचा अपमान केला होता म्हणे, चारचौघांत.

रावेरकडच्या एका गावात केळीच्या बागेत मजुरी करणारी एक बाई भेटली. दोन्ही गुडघे सुजलेले, उठताना भिंत धरायची. दर आठवड्याला इंजेक्शन घ्यायला जायची. तिला मीच विचारलं, पंधरा दिवसांत काही आजार? ती म्हणाली, "आजार कायचा बाई, हे त रोजचंच हाये." मी लिहायला घेतलं तर नाना म्हणाले, "ती नाही म्हणतेय ना? मग रोजचं आहे ते आजार कसं? आजार म्हणजे पाहुणा. हे तिचं घरचंच माणूस झालं." वाक्य इतकं गोळीबंद, की ते निव्वळ खोटं आहे हे ध्यानात यायला मला जेवायची वेळ झाली. नानांचं हे असंच. फालतू गोष्ट इतकी छान सांगायचे की ऐकणाऱ्याला आपणच मूर्ख आहोत असं वाटायचं.

माणूस वाईट नव्हता, हे सांगितलं नाही तर माझ्यात आणि त्यांच्यात फरक राहणार नाही. मला एकदा फिरतीवर सडकून ताप भरला. नानांनी काम तिथेच टाकलं, जीप वळवली, मला डॉक्टरांकडे नेलं आणि सलाईन संपेपर्यंत बाकड्यावर बसून राहिले. घरी सोडायला आले तेव्हा माझ्या आईला म्हणाले, "पोरीला दोन दिवस पाठवू नका, मी सांभाळून घेतो." आजारी माणूस त्यांना बरोबर ओळखता यायचा. म्हणूनच मला त्यांचा जास्त राग येतो. ज्याला दिसतच नाही त्याच्यावर कोण चिडेल?

बायकांशी बोलायचं काम हळूहळू माझ्याकडे आलं. नाना ओट्यावर, मी चुलीपाशी. आणि आत गेल्यावर माझ्या एक गोष्ट लक्षात यायला लागली. पारोळा तालुक्यातच एका घरी नवी सून मांडीवर तान्हं घेऊन बसलेली. मी सासूला विचारलं, बाळंतपण कुठल्या दवाखान्यात झालं? सासू म्हणाली, "ते तिन्हा माहेरे व्हयनं. आठे काय व्हयनं नई." मला वाटलं, एक घर. दुसऱ्या गावी तेच, तिसऱ्या गावी तेच. पहिलं बाळंतपण माहेरचं, ही आपली रीत. सासरच्यांना विचारलं तर ते म्हणतात, आमच्याकडे काही झालं नाही. माहेरच्यांना विचारलं तर म्हणतात, पोर दिलेली, ती आता आमच्या घरची कुठे? एकही माणूस खोटं बोलत नाही. आणि बाई दवाखान्यात जाऊन, टाके घालून, मूल घेऊन परत आली तरी कागदावर ती कुठे गेलीच नव्हती.

मी हे नानांना सांगितलं. वाटलं, निदान चकित होतील. नाना म्हणाले, "मला माहीत आहे की. पहिल्यापासून असंच आहे." आणि पंचा झटकून पुढे चालायला लागले.

त्यानंतर महिन्याभराने आम्ही दोंडाईच्याच्या पुढच्या एका गावात होतो. नानांच्या निवृत्तीला एकोणीस दिवस उरले होते, रोज सकाळी ते स्वतःच मोजून सांगायचे. यादीतलं शेवटचं घर सुमनअक्कांचं. नवरा, बायको आणि लग्नाचा मुलगा. नवरा ओट्यावर बसला होता. नानांचा प्रश्न मला आतून ऐकू आला, आणि त्याचं उत्तरही.

"बेस शे नाना."

"घरमा कितला माणसे?"

"तीन. बठ्ठा मोठाच."

बाहेर हे चाललं होतं आणि आत माझ्यासमोर झोळी हलत होती. साडीची झोळी, आत तीन महिन्यांचं मूल. मी अक्कांना विचारलं, हे कोणाचं?

अक्का भाकरी थापत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही. "मन्ही पोरनं. अश्विनीनं," म्हणाल्या. "ती नई आते."

मग त्यांनी सांगितलं. अश्विनी आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी आली. सगळ्याच पोरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात, चार दिवस राहून जातात. हिला तेव्हा दुसरा महिना होता आणि पोटात पाणी ठरत नव्हतं. सासरचे म्हणाले, राहू द्या तिकडेच. ती राहिली. पावसाळा गेला, दसरा गेला, दिवाळी गेली. मार्गशीर्षात धुळ्याला नेलं. मूल झालं, आणि चौथ्या दिवशी तीच गेली.

"सासरना म्हंतस, ती माहेरले मरनी," अक्का म्हणाल्या. "आठला म्हंतस, ती ते दी टाकेल पोर. मंग ती कोठली व्हती माय? तुम्ही सरकारना शेतस ना? कोन दवाखानामा गयं ते लिखतस ना? मंग तिले लिखा. माले पैसा नको, काही नको. ती तठे गयथी, चार दिन व्हती, एवढं लिखा बस."

मी उठून बाहेर आले. आमच्या सूचनापुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं होतं, सहा महिन्यांच्या वर जो माणूस घरात राहिला-जेवला तो त्या घरचा धरायचा, आणि वर्षभरात वारला असेल तरी त्याची भरती लिहायची. आखाजी ते मार्गशीर्ष, सात महिने. अश्विनी नियमाने याच घरची होती. इतकी मुलं-बाळंतपणं रीतीच्या फटीत पडून हरवली, पण ही एक आपल्या हातात धडधडीत सापडली होती.

नाना ओट्यावर नव्हते. जीपपाशी उभे राहून पंच्याने चपला पुसत होते. फॉर्म गेला होता.

मी सांगितलं सगळं. नानांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आखाजीला आलेली पोर पाहुणीच असते ताई."

"सात महिने, नाना?"

"सात काय, वर्षभर राहिली तरी. उद्या हिचा बाप म्हणेल का, ती माझ्या घरची? तो तर बेस शे म्हणाला."

हे खरं होतं, आणि त्यानेच माझं काळीज कापलं. झोळीत नातू, तीन महिन्यांपूर्वी लेक गेलेली, आणि बाप सरकारी माणसापुढे बेस शे म्हणाला. कारण नानांनी विचारलंच तसं होतं. त्या प्रश्नाला दुसरं उत्तर द्यायला माणसाने आधी रडायला लागलं पाहिजे.

"तिच्या सासरी लिहिली जाईल," नाना म्हणाले.

"तिचं सासर आपल्या यादीत नाही. आणि असतं तरी सासू काय म्हणाली असती, तुम्हाला माहीत आहे."

"मग दुसऱ्या कोणाच्या तरी घरी दुसरी कोणी लिहिली जाईल. शेवटी बेरीज जुळते ताई." मग आवाज खाली आणून म्हणाले, "गेलेला फॉर्म परत मागवायचा तर नाशिकला कारण लिहून द्यावं लागतं. देवरेंनी घरातली दोन माणसं सोडली, एक मेलेलं आणि एक जिवंत, असं लिहून देऊ? एकोणीस दिवस राहिलेत माझे."

मी हट्ट धरायला हवा होता. स्वतः नाशिकला फोन लावायला हवा होता. माझं कंत्राट दर सहा महिन्यांनी नानांच्या शेऱ्यावर वाढायचं आणि ती मुदत त्याच महिन्यात संपत होती. मी गप्प बसले. नानांबद्दल एवढं तोंड सुटतं माझं, तेव्हा हेही सांगायलाच हवं.

पुढच्या आठवड्यात मला भुसावळकडच्या पथकात टाकलं. नाना निवृत्त होऊन मुलाकडे दीपनगरला राहायला गेले. अहवाल निघेल, निघालाही असेल, मी पाहिला नाही. त्यामुळे माझ्या डोळ्यांपुढे नाना आहेत ते त्याच दुपारचे, जीपमध्ये पुढच्या सीटवर बसलेले.

ड्रायव्हरने गाडी सुरू केली आणि अक्का घरातून धावत आल्या. हाताला पीठ तसंच. त्यांनी नानांच्या खिडकीची कड धरली.

"नाना, लिखं ना मन्ही पोरनं?"

"लिखं अक्का."

"काय लिखं? वाची दखाडा ना."

नानांनी ड्रायव्हरला खूण केली. इंजिन बंद झालं. त्यांनी पिशवीतून टॅब काढला आणि गुडघ्यावर आपल्याकडे तोंड करून धरला. मी मागे बसले होते. टॅब बंद होता. काच काळी होती.

"नाव, अश्विनी," नाना वाचल्यासारखं म्हणाले. "वय एकवीस."

"बावीस."

"बावीस," म्हणत नानांनी काळ्या काचेवर बोट फिरवलं. "भरती, धुळे. तीन दिन."

"चार दिन, नाना."

"चार." पुन्हा बोट.

मग त्यांचं वाचणं संपलं आणि ते विचारायला लागले. पहिले कोठे लई गयतात? गावमानी नर्सबाईनी दखं. मंग? दोंडाईचे. तठेन धुळे. गाडी कोन्ही व्हती? जीप, भाड्यानी. कितला येळ लागना? सोबत कोन व्हतं? रगत चढाडं का? पोरगं कधी व्हयनं, दिनना का रातना? घर सोडाना टाइमले ती बोलत व्हती का? अक्का एकेकाचं उत्तर देत गेल्या, मध्येच चुकलं तर स्वतःच दुरुस्त करत गेल्या, आणि नाना प्रत्येक उत्तराला बोट टेकवत गेले. सगळा फॉर्म त्यांना पाठ होता. टॅबमध्ये ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने, एकही प्रश्न न गाळता. इतक्या वर्षांत एकदाही न विचारलेला तो सगळा फॉर्म त्यांना तोंडपाठ होता, आणि ते इतकं चांगलं विचारत होते की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला त्यांच्या त्या खोबरेल लावलेल्या डोक्यात काहीतरी हाणावंसंही वाटलं.

"पोरगं बी लिखं?"

"ते बी लिखं. चौथं नाव त्यानंच शे."

अक्कांनी खिडकीची कड सोडली. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा श्वास सोडावा तसा त्यांनी श्वास सोडला. मग काय वाटलं कोण जाणे, वाकून त्यांनी मागच्या सीटकडे, माझ्याकडे पाहिलं.

"बरोबर लिखं ना माय यासनी?"

नाना वळले नाहीत. त्यांची मान मला मागून दिसत होती, ताठ, माझ्या उत्तराची वाट पाहणारी.

"बरोबर लिहिलं, अक्का," मी म्हणाले.